भिंगातली नीळ

ऑपरेशन संपवून बाहेर आणल्यावर आबांनी पाणी मागितलं नाही की आईला हाक मारली नाही. उजव्या डोळ्यावर पट्टी, गालापर्यंत बधिरपणा, आणि तशा अवस्थेत त्यांनी सिस्टरकडे पहिली मागणी केली ती भिंगाच्या रिकाम्या खोक्याची. "खाली डब्बा दो," असं दोनदा, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. सिस्टरने हसून फाइल उघडली. खोक्यावरचा स्टिकर काढून तिथे चिकटवलेला होता, त्यावर भिंगाचा नंबर होता, पॉवर होती. आबांना स्टिकर पुरला नाही. स्टिकर काय, कुठलाही कशावरही लावता येतो. त्यांना खोकं पाहिजे होतं, म्हणजे सील आजच फुटलं की आधीच फुटलेलं होतं ते कळलं असतं. मी तेव्हा नववीत होते. बाकावरची सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी कचऱ्याच्या टोपलीतून ते खोकं शोधून देण्यात आलं. आबांनी ते शर्टाच्या खिशात घातलं आणि मग पाणी मागितलं.

संशय घेण्याचा आबांना पगार मिळायचा. उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते शेड, म्हणजे रंगाची छटा, बघायचे. कापड रंगून निघालं की त्याची चिंधी कापून त्यांच्याकडे यायची. ते ती घेऊन उत्तरेच्या दारात जायचे, दिवसाच्या उजेडात धरायचे आणि हो किंवा नाही म्हणायचे. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता. गिऱ्हाइकाने, म्हणजे मार्केटातल्या पार्टीने, नमुना म्हणून दिलेलं रंगाचं कार्ड चिंधीला टाचणीने लावलेलं असायचं, त्यावरही नव्हता. "कार्डना रंग उडी जास," ते आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणायचे, "डोयाना उडत नही." पंधरा वर्षं त्यांनी रंग असेच डोळ्यांत साठवून ठेवले होते, आणि मिलमध्ये त्यांच्या शब्दावर दुसऱ्याचा शब्द चालायचा नाही.

तो संशय संध्याकाळी डब्याबरोबर घरी यायचा. दुधात बोट बुडवून बघायचे, गॅसचं सिलिंडर उचलून बघायचे, माझं प्रगतिपुस्तक उन्हात धरून कुठला आकडा खरवडलाय का तेही बघायचे. मला आकडे खरवडायची अक्कल असती तर मी गणितात तेवढे मार्क घेतले असते का, हे त्यांच्या डोक्यात यायचं नाही.

डोळ्यांचं दुखणं त्यांनी बरंच लांबवलं. पण शेठने एक दिवस स्वच्छ सांगितलं, "मास्टर, आँख बनवा लो, नहीं तो फोल्डिंग में बैठो." फोल्डिंग म्हणजे रंगलेल्या कापडाच्या घड्या घालणं. आबांना तो अपमान सहन होण्यासारखा नव्हता, म्हणून आम्ही स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर गुजराती होते, आबांपेक्षा वयाने लहान, आणि दुर्दैवाने प्रामाणिक. त्यांनी प्लॅस्टिकचा एक मोठा डोळा टेबलावर ठेवून उघडून दाखवला. मोतीबिंदू झालेलं आतलं भिंग काढायचं, त्याच्या जागी प्लॅस्टिकचं बसवायचं. मग त्यांनी न विचारता काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं. आत जंतू शिरले तर डोळा जाऊ शकतो. भिंग जागचं सरकू शकतं. डोळ्यातला दाब वाढू शकतो. आणि काही महिन्यांनी भिंगाच्या मागचा पातळ पापुद्र्यासारखा पडदा धुरकट होऊ शकतो. हे सगळं एका गुजराती फॉर्मवर छापलेलं होतं. आमची शाळा मराठी, पण दुकानांच्या पाट्या वाचून गुजराती येत होती, म्हणून तो फॉर्म मी आबांना ओळ न् ओळ वाचून दाखवला. त्यांनी सही केली, पण बाहेर आल्यावर म्हणाले की जो माणूस आधीच चुका सांगून ठेवतो, तो त्या करणारच असतो. डॉक्टरांनी काही सांगितलं नसतं तर लपवतोय म्हणाले असते.

मिलमधल्या लोकांनीही हातभार लावला. एकाने सांगितलं की कापड वाळवायच्या गरम मशीनजवळ उभं राहिलं की डोळ्यातलं भिंग वितळतं. दुसऱ्याने सांगितलं की खाली वाकलं की ते पुढे घरंगळतं. तिसऱ्याच्या मेहुण्याला म्हणे फॉरेनचं दाखवून देशी बसवलं होतं. आबांनी यातलं एकही खोटं मानलं नाही. ऑपरेशननंतर कित्येक दिवस ते देवाला नमस्कारसुद्धा मान ताठ ठेवून करायचे.

पण त्या भिंगावर आमच्या घरात एवढा वहीम का होता, हे सांगायचं तर दोन वर्षं मागे जायला हवं. शहरात प्लेग आला होता, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट आहे.

आईला सख्खा भाऊ नव्हता. पण तिच्या गावचा, पारोळ्याकडचा, एक माणूस आबांच्याच मिलमध्ये होता, आणि आमच्याकडे आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मामाच लागतो. हे मामा रंगाची पावडर तोलायचे. त्या खोलीला मिलमध्ये कलर किचन म्हणत. किती किलो कापडाला किती ग्रॅम निळा, किती लाल, ते कागदावर लिहिलेलं असायचं आणि मामा काट्यावर तोलून द्यायचे. त्यांची नखं कितीही साबण लावला तरी कुठल्या ना कुठल्या रंगाची असायची, आणि मी ती बघून आज मिलमध्ये कुठला लॉट चालू आहे ते ओळखायचे. आबांना ते दाजी म्हणत. दर भाऊबीजेला आमच्या खोलीवर येत, पाटावर बसत, आई ओवाळी, आणि तिच्या ताटात ते साडी टाकत. आईच्या वर्षातला तो एकच सण होता, बाकीचे सगळे तिला नुसते काम होते.

त्या वर्षी आबा म्हणायला लागले की निळा फिका येतोय. एका पार्टीचा तो ठरलेला निळा होता, वर्षानुवर्षं तोच चाललेला. मामा म्हणाले, दाजी, कागदावर आहे तेवढाच तोलतो. आबा म्हणाले, वाढव. वाढवला. तरी फिका. अजून वाढव. असं करत तयार झालेला अख्खा लॉट पार्टीने परत पाठवला. रंग फार गडद आहे म्हणाली.

दुसरा कुणी असता तर त्याला स्वतःच्या डोळ्यांची शंका आली असती. आबांना मामांची आली. आधी हा माणूस निळी पावडर काढून बाहेर विकत होता म्हणून फिका येत होता, आणि पकडला जाईल म्हणून घाबरून त्याने शेवटी ओतून दिली, असा त्यांनी हिशोब जुळवला. पहिल्या, फिक्या म्हटलेल्या लॉटचा वीतभर तुकडा त्यांनी पुरावा म्हणून घरी आणला. बरोबर पार्टीचं कार्डही होतं. मला दारात, उजेडात बसवलं.

"तुना डोया नवा शेत," आबा म्हणाले. "सांग, हाऊ निळा कसा शे?"

मी तुकडा बघितला, कार्ड बघितलं, आणि म्हटलं की दोन्ही सारखेच आहेत.

आबांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. "कार्ड उडेल शे. कार्ड नको दखू. नुसता हाऊ दख. फिका शे का नही?"

आता नुसत्या निळ्याकडे बघून तो फिका की गडद, हे बारा वर्षांच्या पोरीने कशावरून सांगायचं? मला एवढंच दिसत होतं की आबांना एक उत्तर पाहिजे आहे आणि ते दिलं की मी खेळायला सुटते. मी म्हटलं, "फिका शे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठला सांगितलं की माझ्या लहान पोरीलासुद्धा दिसतं. मामांचं काम गेलं. ते जवळच्याच कामरेजला धाग्याला पीळ देणाऱ्या एका कारखान्यात लागले, आणि आमच्याकडे त्यांचं येणं बंद झालं. आई आबांना एका शब्दानेही बोलली नाही. त्या भाऊबीजेला तिने ताट तयार केलं, खोलीबाहेर गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं चंद्राला ओवाळून आली. पुढच्या वर्षीही तसंच. तो तुकडा आणि ते कार्ड आबांनी पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून दिलं होतं.

आता ऑपरेशनकडे परत येते. पट्टी निघाली, टाके टोचत होते, थेंब घालणं चालू होतं, आणि आबा सगळ्या वस्तूंवर चिडायला लागले. पहिला आरोप आईवर आला. सदऱ्याला नीळ जास्त घातलीस. मग भिंतीला चुना देताना नीळ जास्त पडली, असं घरमालकाबद्दल निघालं. मग दूध निळसर निघालं. शेवटी त्यांनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा, आणि निकाल दिला की भिंगातच नीळ आहे. ऑपरेशन न केलेल्या डाव्या डोळ्यातून भिंत सायीसारखी दिसते, केलेल्या उजव्यातून निळी दिसते. हलकं, रंग मारलेलं भिंग बसवलं आणि खोकं चांगल्याचं दाखवलं.

खोकं घेऊन ते दवाखान्यात गेले. मीही गेले, मला ओढूनच नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, आ लेन्स मां कलर नथी. पाणी जेवुं साफ छे," ते म्हणाले. "तमे आटला वरस पीळा काच मांथी जोता हता."

मग माझ्याकडे वळून त्यांनी हिंदीत समजावलं. वय वाढतं तसं डोळ्यातलं आपलं भिंग हळूहळू पिवळं पडत जातं, आणि निळा रंग आधी मरतो. इतकं हळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. आता तो पिवळेपणा निघाला, म्हणून निळा दिसतोय. जो आता दिसतोय तोच खरा.

मी ते आबांना आमच्या बोलीत पुन्हा सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी खोक्यावरचा नंबर पुन्हा एकदा फाइलशी ताडून बघितला.

त्या रविवारी त्यांनी पेटी उघडली. भिंगाची परीक्षा घ्यायची होती त्यांना. फिका म्हणून ठरलेला रंग त्यांच्याकडे होता, तो ह्या भिंगातून कसा दिसतो ते बघायचं. तुकडा घेऊन ते दारात उभे राहिले. डावा डोळा तळव्याने झाकला. मी आत भाकरीचं पीठ चाळत होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत होता. मग हात बदलला. मग पुन्हा बदलला. पंधरा वर्षं डोळ्यांत साठवलेला तो निळा त्यांना तिथे पुराच्या पुरा दिसला असणार, एक कणही कमी नाही. मला विचारायची गरज नव्हती आणि त्यांनीही मला बोलावलं नाही. तुकडा पेटीत गेला. "भिंगच खराब शे," ते आईला म्हणाले.

आणि मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, असू दे. भिंग खराबच असू दे. हे मी आज लिहिते आहे तेव्हा मला लाज वाटते, पण तेव्हा मी खरंच देवाजवळ तसं मागितलं होतं. कारण भिंग चांगलं निघालं तर मामा चोर नव्हते, आणि मामा चोर नव्हते तर फिका शे म्हणणारी मी कोण होते?

देवाने माझं अर्धं ऐकलं. आठेक महिन्यांनी आबांना उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. दुसऱ्या कुणाचा डोळा असा गेला असता तर घर रडलं असतं. आमच्याकडे आबा जवळजवळ खुशीत होते. "मी काय सांगे?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत. निळाही पुन्हा मेला होता, सदरा पूर्वीसारखा दिसत होता. मी इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा निवांत झोपले.

डॉक्टरांनी मशीनवर त्यांची हनुवटी टेकवून आत बघितलं आणि म्हणाले, भिंग उत्तम आहे, मागचा पडदा धुरकट झालाय, फॉर्मवर लिहिलं होतं ते हेच. मला ती ओळ आठवत होती, मीच वाचली होती. लेझरने त्या पडद्याला मधोमध भोक पाडायचं, सुरी नाही, टाका नाही. आबांनी विचारलं की लेझरने भिंग फुटलं तर? डॉक्टर म्हणाले, क्वचित ओरखडा येतो. हेही त्यांना लपवता आलं नाही. आबा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागले. तरी बसले, कारण फोल्डिंगची भीती होतीच. टकटक असे थोडे आवाज झाले आणि आम्ही घरी आलो. थोड्या वेळाने आबा दारातून भिंतीकडे बघत होते. भिंत त्यांना कुठल्या रंगाची दिसत होती ते त्यांच्या पडलेल्या खांद्यांवरून मला कळलं.

त्यानंतर ते भिंगाबद्दल कधी बोलले नाहीत. मिलमध्ये शेड बघताना आता ते कार्डही बघतात, असं लोक सांगत. पण डावा डोळा करायचं नाव काढलं की उसळायचे. "हाऊ डोया राहू द्या." शेठने सांगून झालं, डॉक्टरांनी बोलावून झालं. का राहू द्यायचा ते मला एका दुपारी कळलं. शाळेतून लवकर आले तर पेटी उघडी होती, आबा दारात पाठमोरे होते, उजव्या डोळ्यावर तळवा दाबलेला आणि तुकडा डाव्या डोळ्यासमोर धरलेला. त्या डोळ्याला तो अजून फिका दिसत होता. जगात त्यांच्या बाजूने बोलणारा तेवढा एकच साक्षीदार उरला होता. म्हणजे एक तो, आणि एक मी.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो साक्षीदारही गेला. मोतीबिंदू इतका पिकला की डाव्या डोळ्याला तुकडा फिकाही दिसेना आणि गडदही दिसेना, नुसता उजेड कळायचा. दिवाळीच्या आधी एक दिवस आबांनी जेवता जेवता आईला म्हटलं, "तुना भाऊले निरोप धाड. भाऊबीजले ये म्हना." आईने वाढायचा हात थांबवला आणि पदर डोळ्यांना लावला. मला आबांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी वाटलं, मामांनी येऊ नये.

मामा आले. केस पांढरे झाले होते. नखं स्वच्छ होती, ती बघून मला कसंतरीच झालं. आबांनी पेटीतला तुकडा आणि कार्ड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांना गोल गोल बोलता यायचं नाही, तसं ते बोललेही नाहीत.

"मनाच डोया खराब व्हता," ते म्हणाले. "तुना हात बराबर व्हता. मनी चूक व्हयनी."

मामांनी तुकडा उचलला. कार्डाला लावून बघितला. मग परत खाली ठेवला.

"दाजी, तुमना संशय माले नवा नही," ते म्हणाले. "तुम्ही त देववरबी संशय लेतस. तुमना राग उना नही माले." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. "पन शेठ म्हने, पोर बी सांगस फिका शे. पोरना डोया खोटं नही सांगत. मंग माले वाटनं, मनाच हात चुकना व्हई. तव्हयपासून मी काहीबी तोलं का काटा दोनदा दखस. कामरेजले पोरं हासतस."

तीन वर्षं हा माणूस स्वतःच्या हातांवर संशय घेत जगला होता, आणि आबांमुळे नाही, माझ्यामुळे. आबांनी आपली चूक सांगून टाकली होती. आता मी गप्प राहिले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. लहान पोर होती, तिला काय समजतंय, म्हणून सगळं मिटलं असतं. मला तेही करता येत होतं.

"मामा," मी म्हटलं, "माले तो कार्डसारखाच दिसेल व्हता. मी आधी तसंच सांगेल व्हतं."

आबांनी मान खाली घातली.

"मंग माले येईसन का नही सांगं?" मामांनी विचारलं. "आठेच त ऱ्हायनू मी. कामरेज काय मुंबई शे?"

मी तांब्या त्यांच्या पुढ्यात ठेवला. आईने आतून हाक मारली, पाट मांडलाय म्हणून. मामा उठले, पाटावर जाऊन बसले, आईने त्यांना ओवाळलं, त्यांनी ताटात साडी टाकली. निळीच होती. जेवण झाल्यावर आबा त्यांना कामरेजच्या गाडीपर्यंत सोडायला गेले. आईशी मामा भरभरून बोलले, आबांशी बोलले, शेजारच्यांशीसुद्धा बोलले. माझ्याशी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.